विचारा, पण बिलबुक घेऊन

या महिन्याच्या टपालात बरीच पत्रं एकाच वाक्यानं सुरू झाली आहेत: "ताई, माणूस ओळखीचाच आहे, पण…" नवी पेठेत हिशोबाची आणि कराची कामं करत बसणारी बाई आहे मी. त्या 'पण'च्या पुढं काय असणार, ते पाकीट न फोडताही सांगेन. सोलापुरात धंदा ओळखीवर चालतो, चालू दे की. फक्त ओळखीच्या माणसाकडनंही कागद घ्यायला लाजू नका, हे मी खाली पुन्हा पुन्हा म्हणणार आहे. कंटाळा आला तर पान उलटा.

जुळे सोलापुरातून एक भगिनी: मी घरी शेंगा चटणी करून व्हॉट्सअ‍ॅपवरून विकते. पुण्यातला एक दुकानदार माल ठेवायला तयार आहे, पण पाकीट बघून "हे लेबल चालणार नाही" म्हणाला. लेबल छान मराठीत छापलंय. 'हृदयासाठी उत्तम, १०० टक्के शुद्ध' असंही लिहिलंय. काय चुकलं? आणि जीएसटी नंबर काढावा लागेल का?

दुकानदार खरं बोलला, आणि तुमचा माल न घेता आधी सांगितलं म्हणजे माणूस भला आहे.

पाकिटाचा फोटो पाठवलात ते बरं केलंत. खालच्या कोपऱ्यात चटणीचं तेल उतरलंय, कागदी लेबल तिथं पारदर्शक झालंय, आणि बॉलपेननं लिहिलेली तारीख पसरून १ आहे की ९ ते कळेना. अन्न सुरक्षा अधिकारी पहिलं बोट तिथंच ठेवेल. तारीख आणि बॅच नंबर न पुसणारे हवेत. चटणी आतल्या पिशवीत सील करा, लेबल बाहेरच्या पाकिटावर लावा, आणि तारखेचा शिक्का चांगल्या शाईचा घ्या.

आता भाषा. पाकिटावर कायद्यानं मागितलेला मजकूर इंग्रजीत किंवा देवनागरीतल्या हिंदीत असावा लागतो. मराठी त्याच्या जोडीला हवी तेवढी लिहा, पण नुसती मराठी चालत नाही. मलाही हे रुचत नाही, पण नियम तसा आहे.

त्या मजकुरात काय काय? पदार्थाचं नाव, घटक (जो सर्वात जास्त तो आधी, म्हणजे शेंगदाणे पहिले), निव्वळ वजन, सर्व करांसहित कमाल किंमत, कधी बनवली, कधीपर्यंत खावी, बॅच नंबर, तुमचं नाव-पत्ता, तक्रारीसाठी फोन, पोषणमूल्यांचा तक्ता, चौकोनातला हिरवा ठिपका आणि एफएसएसएआयचा, म्हणजे केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा, १४ आकडी नंबर. हा नंबर तुमच्याकडे नाही, हे पत्रातच दिसलं. त्याशिवाय व्हॉट्सअ‍ॅपवरची विक्रीसुद्धा नियमात बसत नाही. लहान उद्योगाला परवान्याऐवजी साधी नोंदणी पुरते, अर्ज ऑनलाइन होतो. तो आजच भरा, लेबल नंतर छापा. पाकीटबंद माल विकता म्हणून वैधमापन, म्हणजे वजनमापं तपासणाऱ्या, खात्याकडे पॅकर म्हणूनही नोंद लागते.

दोन गोष्टी बहुतेक जण विसरतात. एक, शेंगदाणा हा अ‍ॅलर्जी करणाऱ्या पदार्थांच्या यादीत आहे. "शेंगा चटणीत शेंगदाणे आहेत हे काय सांगायचं?" असं म्हणू नका, 'यात शेंगदाणे आहेत' असं वेगळं लिहायचं. दोन, किलोच्या आतल्या पाकिटावर दर ग्रॅमची किंमतही लागते. २५० ग्रॅम १२० रुपयांना असेल तर ०.४८ रुपये प्रति ग्रॅम. आणि भाव वाढला म्हणून जुन्या किमतीवर नवा स्टिकर चिकटवायचा नाही. त्यासाठी दंड भरलेले दुकानदार मी पाहिलेत.

'हृदयासाठी उत्तम' काढून टाका. आरोग्याचा दावा केला की शास्त्रीय पुरावा द्यावा लागतो. '१०० टक्के' हा शब्द लेबलवर टाळा, असं एफएसएसएआयनं २०२५ मध्ये उद्योगांना बजावलंय. त्या जागी खरी गोष्ट लिहा. तुम्ही पत्रात सहज लिहून गेलात की दाणे मंद आचेवर भाजून सासूबाईंच्या उखळात कुटता. अहो, हीच तुमची जाहिरात! उखळातली चटणी आणि मिक्सरमधली पूड यातला फरक पुण्यात राहणाऱ्या सोलापूरकराला जिभेवर कळतो. उखळाचा, मुसळाचा, हाताचा फोटो टाका. मात्र उद्या मागणी वाढून मशीन घेतलंत की 'उखळात कुटलेली' हे शब्दही काढायचे.

जीएसटीचं उत्तर ऐकून हसाल. नुसत्या मालाचा व्यापार असेल तर वर्षाला ४० लाखांपर्यंतच्या उलाढालीला नोंदणी लागत नाही, आणि पुणे आपल्याच राज्यात. म्हणजे अडीचशे किलोमीटरवरच्या पुण्याला माल नंबराशिवाय जाईल. पण शंभर किलोमीटरवरच्या विजापूरला एक खोकं पाठवलंत तर राज्य बदललं, आणि उलाढाल कितीही लहान असो, नोंदणी आली. हैदराबादची नणंद "इथं पण दे गं दुकानात" म्हणाली तर आधी मला किंवा तुमच्या सीएला फोन करा.

जाता जाता भावाबद्दल. पुण्याच्या दुकानात १२० आणि तुमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ९० असं करू नका. कायद्यानं चालेल, दुकानदार चालवून घेणार नाही.

अक्कलकोट रोड एमआयडीसीतून एक तरुण यंत्रमागधारक: बाहेरगावच्या हलक्या चादरी इथंच 'सोलापुरी' म्हणून विकल्या जातात. वडील म्हणतात, गप्प बस. मला 'अस्सल सोलापुरी' नावाचा ट्रेडमार्क घ्यायचा आहे. मिळेल का?

नाही मिळणार, आणि मिळू नये. 'सोलापुरी' हे नाव तुमच्या एकट्याचं नाही. सोलापुरी चादर आणि टेरी टॉवेल यांना भौगोलिक मानांकन, आपण जीआय म्हणतो ते, केव्हाच मिळालेलं आहे. मानांकन मिळालेलं नाव कुणा एकाला ट्रेडमार्क म्हणून देता येत नाही, असं १९९९ चा जीआय कायदाच सांगतो.

पण त्याच कायद्यात तुमच्यासाठी दार आहे. या भागात, ठरलेल्या पद्धतीनं चादर विणणारा कुणीही 'अधिकृत वापरकर्ता' म्हणून आपलं नाव नोंदवू शकतो. मानांकन मिळालं म्हणून टाळ्या वाजवल्या आपण सगळ्यांनी, पण स्वतःचं नाव त्या नोंदवहीत घालायला किती कारखानदार गेले, ते तुमच्या गल्लीत विचारून बघा. नोंद असली की खोटी चादर विकणाऱ्याविरुद्ध तुम्ही स्वतः उभे राहू शकता. खोटं मानांकन लावल्याची शिक्षा सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते दोन लाख दंड आहे. वडिलांना हा आकडा वाचून दाखवा.

ट्रेडमार्क घ्यायचा तो कारखान्याच्या नावाचा किंवा चित्राचा. चादर, टॉवेल २४व्या वर्गात येतात. उद्यम, म्हणजे लहान उद्योगांच्या सरकारी नोंदणीचं, प्रमाणपत्र जोडलं तर ऑनलाइन अर्जाची सरकारी फी एका वर्गाला ४,५०० रुपये, नाहीतर कंपनीला ९,०००. अर्जाआधी ट्रेडमार्क खात्याच्या संकेतस्थळावर नाव शोधा, फुकट आहे. देवादिकांची नावं, गावांची नावं, 'सुपर', 'डिलक्स' यांच्या नादी लागू नका, त्यांवर भांडायला दहा जण आधीच बसलेत. अर्ज केला की नावापुढं 'टीएम' लिहा. गोलातला 'आर' मात्र प्रमाणपत्र हातात आल्यावरच. आधी लावला तर कायद्यानं दंड बसतो. नोंदणी दहा वर्षं टिकते, मग नूतनीकरण.

आणि गिऱ्हाइकाला कायदा सांगत बसू नका, चादर उलटून दाखवा. आपल्या जेकॉर्ड, म्हणजे मागावरच नक्षी विणलेल्या, चादरीत तीच नक्षी मागच्या बाजूला रंगांची अदलाबदल होऊन दिसते, छापील चादरीची मागची बाजू फिकी पडते. हा पंधरा सेकंदांचा व्हिडिओ मोबाइलवर काढून दुकानाच्या पानावर टाका, वजनकाट्यावर चादर ठेवलेला दुसरा. कुणाचं नाव न घेता सगळं सांगून होतं.

गणवेश शिवणाऱ्या एका ताई, अशोक चौक परिसर: परराज्यातल्या व्यापाऱ्यानं शाळा सुरू होण्याआधी शर्ट नेले. आता 'पुढच्या आठवड्यात' असं म्हणत दिवाळी गेली. ओळखीतून आलेली पार्टी, तोडायची नाही. काय करू?

पार्टी तोडायची नाही हे तुम्ही म्हणता. त्यानं पैसे न देऊन ती केव्हाच तोडली की!

उद्यम नोंदणी आहे का? आधार आणि पॅनवर, मोफत होते. पैसे मागणाऱ्या एजंटाला दारातूनच परत पाठवा. नोंदणी माल देण्याआधीची असेल तर तुमचं पारडं जड आहे, कारण नंतर केलेल्या नोंदणीवर जुन्या बिलांसाठी कोर्टात वाद होतात. म्हणून ज्यांचं पत्र आलेलं नाही त्यांनीही आजच नोंदणी करून टाका.

२००६ च्या एमएसएमई कायद्यानं लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत, नसेल तर १५ दिवसांत, सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे द्यावेच लागतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही दर महिन्याला चक्रवाढ. दाद मागायची ती थकलेल्या बिलांचे वाद सोडवणाऱ्या सरकारी सुविधा परिषदेकडे, ऑनलाइन. मोठी गोष्ट म्हणजे परिषद तुमच्या ठिकाणची लागते. व्यापारी परराज्यातला असला तरी त्यालाच इकडं यावं लागेल. निकाल तुमच्या बाजूनं लागला आणि त्याला आव्हान द्यायचं असेल तर आधी रकमेच्या ७५ टक्के भरावे लागतात. एक लक्षात ठेवा, हे संरक्षण माल बनवणाऱ्याला आणि सेवा देणाऱ्याला. नुसत्या खरेदी-विक्रीच्या व्यापाऱ्याला नाही.

दुसरा चिमटा त्याच्या सीएच्या हातात आहे. २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून, सूक्ष्म आणि लघु उद्योगाचं बिल मुदतीत न दिल्यास ते पैसे प्रत्यक्ष दिल्याच्या वर्षीच खर्च म्हणून धरता येतात. तोवर त्याचा नफा फुगलेला दिसतो, कर जास्त बसतो.

म्हणून तक्रारीआधी हा निरोप पाठवा, फोन नको, लेखीच: "नमस्कार साहेब. आमचं अमुक तारखेचं बिल, अमुक रक्कम, अजून येणे आहे. आमचा उद्यम नंबर सोबत दिला आहे. मार्चअखेरच्या हिशोबाआधी आपल्या सीएंना दाखवावं, ही विनंती. पंधरा दिवसांत रक्कम न मिळाल्यास सुविधा परिषदेकडे नोंद करावी लागेल." एवढा नम्र मजकूर असला तरी सीएनं वाचला की पुढचा फोन बहुधा तिकडूनच येतो. नाही आला तर नोंद करून टाका. बिल थकल्याला तीन वर्षं होऊ देऊ नका, नंतर दावा टिकणं अवघड.

चेक देऊन वटला नसेल तर मुदती अशा: बँकेचा परतीचा कागद मिळाल्यापासून ३० दिवसांत नोटीस, नोटीस मिळाल्यापासून त्याला १५ दिवस, त्यानंतर महिन्याच्या आत कोर्टात तक्रार. यात मी मी म्हणणारे चुकतात, म्हणून वकिलाकडे लगेच जा.

मोबाइल दुरुस्तीचं नवं दुकान, नवी पेठ: बोर्ड इंग्रजीत केला तर तरुण गिऱ्हाईक येतं. मराठी लागतेच का? दुकानात आम्ही दोघंच.

लागते. राज्याच्या दुकाने कायद्यातल्या २०२२ च्या दुरुस्तीनंतर एक माणूस असलेल्या दुकानालाही मराठी, देवनागरी पाटी सक्तीची आहे, आणि ती अक्षरं दुसऱ्या भाषेच्या अक्षरांहून लहान नकोत. व्यापाऱ्यांची मंडळी सर्वोच्च न्यायालयात गेली होती, न्यायालयानं सप्टेंबर २०२३ मध्ये पाट्या बदलायला दोन महिने दिले, एवढंच. इंग्रजी खाली लिहा, तेलुगू-कन्नडही लिहा, आपल्या गावाला शोभतं.

होटगी रोडवरून एक केक व्यावसायिक: मित्राच्या मुलानं लोगो काढून दिला, दोन हजार दिले. आता तो तसाच लोगो दुसऱ्याला विकतोय. लोगो माझा ना?

पैसे दिले म्हणून आपोआप नाही. पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा हक्क साधारणपणे पैसे देणाऱ्याकडे येतो. लोगोचा हक्क मात्र काढणाऱ्याकडेच राहतो, त्यानं सही करून लिहून दिल्याशिवाय. आणि लिहून घेताना 'कायमस्वरूपी, सर्व जगासाठी' हे शब्द घाला. मुदत लिहिली नाही तर कायदा ती पाच वर्षं धरतो, प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. मित्राच्या घरी चहाला जा, कागद घेऊन जा. त्याच बैठकीत लोगोची मूळ फाइलही मागून घ्या.

रेल्वे स्टेशनजवळचं एक भोजनालय: एक पोरगा शंभर पंचतारांकित गुगल रिव्ह्यू पैशात देतो म्हणतो. घेऊ?

नका घेऊ. गुगल असले रिव्ह्यू काढून टाकतं, कधी दुकानाचं पानच बंद करतं. रिव्ह्यूच्या बदल्यात ताकाचा ग्लास फुकट, हेही त्यांच्या नियमात बसत नाही. तुमच्याकडे अक्कलकोट, तुळजापूर, पंढरपूरला जाणारी माणसं गाडीतनं उतरून मोबाइलवर 'जवळचं शाकाहारी जेवण' शोधतात. त्यांना तारे नंतर दिसतात, आधी दिसते वेळ. तुमच्या पानावर रात्री दहापर्यंत चालू आहे असं लिहिलंय, आणि पत्रात म्हणता साडेनऊला गल्ला बंद. आधी ते दुरुस्त करा. संक्रांतीला गड्ड्याच्या जत्रेच्या गर्दीत वेळ बदलता, ती तेवढ्या दिवसांपुरती वेगळी घाला. गल्ल्याशेजारी क्यूआर कोडचा कागद चिकटवा आणि जेवून खूश झालेल्या माणसाला नुसतं "दोन ओळी लिहा की" म्हणा.

तो "भाकरी कडक होती" असा एक तारा देणारा मुंबईकर आहे ना, त्याच्यावर चिडू नका. खाली उत्तर लिहा: "साहेब, ती कडक भाकरीच होती, सोलापूरची. पुढच्या वेळी मऊ हवी असेल तर आधी सांगा, गरम करून देऊ."