सुपरझूमनंतर डीएसएलआर : आधी लेन्स ठरवा

प्रश्न : निकॉन कूलपिक्स पी९०० या सुपरझूम कॅमेऱ्याने मी भिगवण परिसरात पक्ष्यांची छायाचित्रे काढतो. बसलेला पक्षी चांगला मिळतो. परंतु उडणारा नदी सुरय अजून नीट टिपता आलेला नाही, आणि पावसाळ्यात झाडीत काढलेल्या चित्रांत पिसे पुसट दिसतात. डीएसएलआर (आत आरसा असलेला, लेन्स बदलता येणारा कॅमेरा) आणि त्यासोबत मिळणारी ७०-३०० मिमीची लेन्स घ्यावी, असा विचार आहे. तो योग्य आहे का? (एक वाचक, बारामती)

उत्तर : आपल्या दोन्ही अडचणी या कॅमेऱ्याच्या घडणीतूनच येतात आणि डीएसएलआर हा त्यांवरचा खरा उपाय आहे. मात्र आपण म्हणता ती लेन्स घेतल्यास पहिली अडचण बरीचशी सुटेल, दुसरी जवळजवळ तशीच राहील आणि पक्षी आजच्यापेक्षा कितीतरी लहान दिसू लागेल.

आधी सुरयाविषयी. पी९००च्या व्ह्यूफाइंडरमध्ये आपण सेन्सरवरून आलेले चित्र पाहतो आणि ते प्रत्यक्षापेक्षा किंचित मागे असते. शिवाय त्याचा ऑटोफोकस लेन्स पुढे-मागे करून चित्र कुठे सर्वांत स्पष्ट होते हे शोधत बसतो. चोच खाली करून पाण्यावरून जाणारा सुरय सूर मारतो, तेव्हा या शोधाला वेळच उरत नाही. जलद मालिकेत हा कॅमेरा सात चित्रे घेतो आणि ती कार्डावर उतरेपर्यंत थांबतो. नेमका त्याच वेळी पक्षी मासा घेऊन वर येतो. डीएसएलआरमध्ये आरशामुळे पक्षी थेट डोळ्याला दिसतो, आणि फोकस कोणत्या दिशेला व किती सरकवायचा हे त्याच्या फेज-डिटेक्शन यंत्रणेला एकाच मोजणीत कळते. त्यामुळे उडत्या पक्ष्यासाठी साधा डीएसएलआरदेखील आपल्या कॅमेऱ्यापेक्षा फार पुढे आहे.

दुसरी अडचण प्रकाशाची आहे, आणि येथे थोडे गणित करणे भाग आहे. ठरावीक अंतरावरच्या पक्ष्याकडून किती प्रकाश गोळा होईल, हे लेन्सच्या प्रभावी मुखाच्या व्यासावर ठरते. फोकल लेंथला (दूरचे किती जवळ दिसेल ते सांगणारा लेन्सचा मिमीतला आकडा) एफ-क्रमांकाने (लेन्सचे मुख किती उघडते ते सांगणारा आकडा) भागले की हा व्यास मिळतो. पी९००ची '२००० मिमी' ही फुलफ्रेमच्या (३५ मिमी फिल्मच्या चौकटीएवढ्या सेन्सरच्या) तुलनेत सांगितलेली संख्या आहे; पूर्ण झूमवर त्याच्या लेन्सची खरी फोकल लेंथ ३५७ मिमी आणि अॅपर्चर (मुखाचे उघडणे) एफ ६.५ असते, म्हणजे व्यास सुमारे ५५ मिमी. कॅमेऱ्यासोबत मिळणारी निकॉनची डीएक्स ७०-३०० लेन्स ३०० मिमीवर एफ ६.३ची आहे, म्हणजे व्यास सुमारे ४८ मिमी. सेन्सर क्षेत्रफळाने तेरा पट मोठा झाला, तरी दूरच्या पक्ष्याकडून येणारा प्रकाश वाढला नाही, उलट थोडा घटला. आणि या डीएसएलआरचा सेन्सर फुलफ्रेमहून दीडपट लहान असल्याने (१.५ क्रॉप) हे ३०० मिमी ४५० मिमीइतकेच भरतील, म्हणजे चौकटीतला पक्षी आजच्या पाव उंचीहूनही लहान होईल. तो कापून मोठा केला की पुसटपणा पुन्हा समोर येईल. सुपरझूमवरून आलेल्या अनेकांची निराशा होते ती याच ठिकाणी, आणि दोष मात्र डीएसएलआरला दिला जातो.

म्हणून माझा आग्रह आहे की पैशांचा मोठा वाटा लेन्सकडे जावा. निकॉनची २००-५०० मिमी एफ ५.६ ही लेन्स घेतली, तर व्यास सुमारे ८९ मिमी होतो आणि त्याच पक्ष्याकडून अडीच पटींहून अधिक प्रकाश मिळतो. पावसाळ्यात सिंहगडाच्या दरीत सावलीतल्या फांदीवर बसलेला स्वर्गीय नर्तक आयएसओ (सेन्सरची प्रकाश-संवेदनशीलता) १६०० किंवा ३२०० वर घ्यावा लागतो. तिथे पी९०० नॉईज (चित्रातले दाणे) पुसताना पिसांच्या कडाही पुसून टाकतो. आणि तो केवळ जेपेग (कॅमेऱ्याने आधीच प्रक्रिया केलेली फाइल) देत असल्याने नंतर काही दुरुस्त करायला वाव राहत नाही. मोठी लेन्स आणि रॉ फाइल (सेन्सरची प्रक्रिया न केलेली माहिती) असेल, तर डोक्यावरच्या तुऱ्याची पिसे वेगवेगळी दिसतात. सिग्मा आणि टॅमरॉन यांच्या १५०-६०० मिमी लेन्सही याच कामाच्या आहेत. कॅमेरा वापरलेला घेतला तरी चालेल. निकॉन डी७५०० पुरेसा आहे. वापरलेली लेन्स घेताना मात्र मागून टॉर्चचा प्रकाश टाकून आत बुरशीचे जाळे नाही ना, हे अवश्य पाहावे.

वजनाचा विचारही आताच करावा. आपला कॅमेरा ९०० ग्रॅमचा आहे. ही जोडी तीन किलोची होईल. भिगवणच्या होडीत काठावर बीनबॅग ठेवून ती वापरता येते, परंतु पायी भटकंतीत मान आणि मनगट दोन्ही दुखतात. शक्य असल्यास पुण्यातून एका शनिवार-रविवारसाठी ही लेन्स भाड्याने आणून पाहावी.

अंतराच्या बाबतीत मात्र काहीतरी सोडावेच लागेल. ५०० मिमी म्हणजे ७५० मिमीइतकी पोहोच. समोरच्या काठावरचे पट्टकादंब आज चौकट भरतात, ते लहानच दिसतील. पहाटे लवकर निघणे, होडी थांबवून पक्ष्याला आपली सवय होऊ देणे, हाच त्यावरचा मार्ग आहे. थवा माना वर करून अस्वस्थ झाला, तर होडी आणखी पुढे नेण्यास नावाड्याला सांगू नये. तसेही ऊन चढल्यावर पाण्यावरची हवा थरथरू लागली की २००० मिमीचेही चित्र विरघळल्यासारखे येते. दूरच्या, चिखलात चरणाऱ्या पक्ष्यांची ओळख पटवण्यापुरती नोंद घ्यायला पी९०० अजूनही उत्तम आहे; तो विकू नये.

मिररलेस, म्हणजे आरसा नसलेल्या कॅमेऱ्यांविषयी आपण विचारलेले नाही, तरी निर्णयाआधी हे माहीत असावे : २०२० नंतर कॅनन आणि निकॉन यांनी नवा डीएसएलआर आणलेला नाही. त्यामुळे वापरलेले कॅमेरे आटोक्यातल्या किमतीत मिळतात, आणि २००-५०० ही लेन्स पुढे एफटीझेड अडॅप्टर (जुनी लेन्स नव्या कॅमेऱ्याला जोडणारा भाग) लावून निकॉनच्या झेड या मिररलेस मालिकेवरही ऑटोफोकससह चालते.

सुरयासाठी सुरुवात अशी करावी : सतत फोकस, मध्यबिंदूभोवतीचा लहान गट, शटर १/२००० सेकंद, अॅपर्चर पूर्ण उघडे आणि आयएसओ ऑटो. आधी २०० मिमीवर पक्षी चौकटीत पकडावा, तो स्थिर राहू लागला की झूम वाढवावा. एकदम ५०० मिमीवर आकाशात शोधू गेल्यास पक्षी सापडतच नाही.