वाचकांचे प्रश्न: चवथ, बुरशी आणि अर्धवट कॅनव्हास

प्रश्न: सर, मी फाईन आर्ट केलंय, फोंड्याजवळ हायस्कूलमध्ये लेक्चर बेसिसवर ड्रॉइंग शिकवतो, पावसात चित्रशाळेत गणपती रंगवायला जातो. स्वतःचं काम होतच नाही, शिगम्यात सुरू केलेला मोठा ऑईलचा कॅनव्हास तसाच पडलाय आणि आता मागून बुरशी आलीय. आई म्हणते पर्मनंट नोकरी बघ, मित्र म्हणतात चित्रकार वासुदेव गायतोंडे वर्षाला पाच-सहाच चित्रं करायचे, टेन्शन घेऊ नको. त्यात नातेवाईकांना फुकट पोर्ट्रेट हवं. काय करू?

उत्तर: आधी बुरशीचं बघू, ते थांबणार नाही. ओल्या फडक्याने अजिबात पुसू नको, पसरते. पावसाने उघडीप दिली की कॅनव्हास बाहेर घे, तोंडाला मास्क लाव आणि मऊ कोरड्या ब्रशने मागची बाजू झाड. परत आत ठेवताना चिऱ्याच्या भिंतीला टेकवायचा नाही, मागून वारा खेळला पाहिजे, आणि प्लॅस्टिकमध्ये गुंडाळणं तर विसरच, सगळेजण नेमकं तेच करतात आणि आतल्या आत दमट होऊन बुरशीची चंगळ होते. ऑईल रंगातलं जवसाचं तेल हवेतल्या ऑक्सिजनने सुकतं, दमट हवेत ते आणखी हळू होतं, त्यामुळे आपल्या पावसात ऑईल रेंगाळणारच, तेवढे महिने कागदावर अॅक्रिलिकमध्ये छोटं काम कर ना.

गायतोंड्यांचं उदाहरण मला या बाबतीत पटत नाही. त्यांनी लग्न केलं नाही, दिल्लीत निजामुद्दीनला एकटे राहायचे, चित्र हातात नसलं तरी डोक्यात चालूच असायचं. आपण मोबाईल बघत बसतो आणि नाव त्यांचं घेतो :) तुझ्यासाठी मडगावचे चित्रकार लक्ष्मण पै बघ, पॅरिसला दहा वर्षं राहून आलेला माणूस, 1977 ते 1987 आपल्या गोवा कला महाविद्यालयाचा प्रिन्सिपल होता आणि चित्रं काढत होता. पोर्ट्रेट काढणारे आपले जुने चित्रकार त्रिंदाद मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयात शिकवायचे, त्यांची पोर्ट्रेट्स पणजीला फोंतेन्यासमध्ये फुंदासांव ओरिएंत या पोर्तुगीज संस्थेत लावलीत, एकदा जाऊन जवळून बघ, हात आणि कपडे कसे रंगवलेत ते. म्हणजे आई म्हणते ते काही वाईट नाही, नोकरी मिळत असेल तर घे, फक्त शाळेतून आल्यावर जेवायच्या आधी तासभर ब्रश हातात, चित्र होवो न होवो.

आणि चित्रशाळेला कमी लेखू नकोस रे. गणपतीचे डोळे एका दमात काढायचे असतात, परत खोडायची सोय नाही, तो हात कुठल्या क्लासात मिळत नाही. पण मजुरी किती ते काम हातात घेण्याआधी ठरव, चवथ झाली की पैशाचा विषय कोण काढत नाही.

नातेवाईकांचं सोपं आहे. कॅनव्हास, रंग आणि फ्रेमचे पैसे आधी मागायचे, मेहनतीचं नंतर बोलू म्हणायचं. अर्ध्यांना एवढ्यातच आठवतं की घरात फोटो आहे.