मोद्रुश आज एवढंसं खेडं आहे, मग तिथे बिशप आणि मोठे सरदार कसे होते?

कारण मोद्रुश तेव्हा खेडं नव्हतंच, क्रोएशियातल्या फ्रांकोपान घराण्याचं ते मुख्य ठाणं होतं, आणि 1493 मध्ये ते जळालं तिथून उतरती कळा लागली. गाव आहे वेलिका कापेला डोंगराच्या पायथ्याशी, समुद्राकडून आत जाणाऱ्या रस्त्यावर, म्हणजे ज्याच्या हातात तिथला त्र्झान किल्ला त्याच्या हातात वाट. 1193 ला हंगेरी-क्रोएशियाचा राजा तिसरा बेला याने हा मुलूख क्र्क बेटाचा सरदार बार्तोल, म्हणजे फ्रांकोपानांचा पूर्वज, याला दिला, पुढे 1460 मध्ये क्र्बावा या प्रदेशाच्या बिशपची गादीपण इथेच आली. सगळ्यात भारी पुरावा म्हणजे 1486 ची देण्याघेण्याची वही, बेर्नार्दिन फ्रांकोपानच्या काळातली, क्रोएशियन भाषेत पण जुन्या ग्लागोलिती लिपीत! कोणी सरदाराला काय देणं लागतं ते त्यात लिहिलंय, साध्या माणसांची अशी नोंद मिळणं खरंच भाग्याचं, मला तर लढायांपेक्षा हीच जास्त मोलाची वाटते. मग 1493 ला उस्मानी तुर्कांनी वस्ती जाळली, त्याच सप्टेंबरात क्र्बावाच्या मैदानात क्रोएशियन सैन्याचा दारुण पराभव झाला आणि बिशप किनाऱ्यावर नोवीला निघून गेले.

फक्त एक लक्षात ठेवा, 1193 च्या बार्तोलला फ्रांकोपान म्हणणं सोयीपुरतं, ते आडनाव घराण्याने पंधराव्या शतकात घेतलं, त्याआधी ते क्र्कचे सरदार म्हणूनच ओळखले जायचे.