वाचक विचारतात : येशिवात दिवसभर करतात तरी काय?

प्रश्न : मी नागपुरात एलएलबीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. वर्गात सरांनी ज्यूंच्या तालमूदचा उल्लेख केला आणि येशिवात मुलं वर्षानुवर्षं तोच एक ग्रंथ शिकतात, असं सांगितलं. माझे आजोबा महालात वेदपाठशाळेत शिकले. येशिवातही तसंच पाठांतर असतं का? तुम्ही तिथे शिकला आहात, असं याच सदरात वाचलं होतं. मी ज्यू नाही. मला हे शिकता येईल का? – एक विद्यार्थी, धरमपेठ

उत्तर : आजोबांचा उल्लेख केलात ते फार बरं झालं, कारण तिथूनच सुरुवात करता येते. येशिवा म्हणजे ज्यूंचं धर्मग्रंथ शिकण्याचं विद्यालय. हिब्रूत हा शब्द ‘बसणे’ या धातूपासून आला आहे. मराठीत सरळ ‘बैठक’ म्हणावं. पण आजोबांची पाठशाळा आणि ही बैठक यांत मोठा फरक आहे. वेदपाठशाळेत गुरुजी संथा देतात, शिष्य ती जशीच्या तशी उचलतो, एक स्वरही हलू देत नाही. येशिवात मजकूर तितकाच पवित्र मानतात, पण तो समोर उघडा असतो आणि दिवसभर त्याच्याशी वाद चालतो.

मी १९९४ साली जेरुसलेममधल्या एका छोट्या येशिवात दाखल झालो. चोवीस वर्षांचा होतो. वडील रेल्वेत, आमचं क्वार्टर अजनीला. आम्ही बेने इस्राएल, म्हणजे महाराष्ट्रातले मराठी बोलणारे ज्यू. घरात शब्बाथचा, म्हणजे शनिवारच्या पवित्र विश्रांतीचा, दिवा लागायचा, एलियाहू हन्नबी या संदेष्ट्याच्या नावाने मलिदा व्हायचा, हिब्रू प्रार्थना तोंडपाठ होत्या. अर्थ मात्र निम्म्या ओळींचाही येत नव्हता. पाठांतर ही माझी जमेची बाजू आहे, असं मी धरून चाललो होतो.

अभ्यासाच्या दालनाला बेत मिद्राश म्हणतात. पहिल्या दिवशी दार उघडलं आणि वाटलं, आत भांडण पेटलंय. साठ-सत्तर जण, दोघादोघांच्या जोड्या, प्रत्येक जोडी आपल्या पानावर वाकून मोठ्याने बोलतेय, कोणी टेबलावर बोट आपटतोय, कोणी उठून भिंतीवरच्या कपाटातून आणखी एक ग्रंथ ओढून आणतोय. महिन्याभराने दालनाबाहेरच्या फोनवरून घरी बोलत होतो, तर आईने पहिलं काय विचारलं असेल? ‘‘मागे कोण भांडून राहिलं रे?’’ मी म्हटलं, आई, अभ्यास चाललाय. तिला ते पटलं नाही.

या जोडीला हव्रुता म्हणतात. सोबतीलाही हव्रुता आणि सोबत्यालाही हव्रुता. सकाळच्या प्रार्थनेनंतर पहिली बैठक, दुपारी दुसरी, रात्री तिसरी. मधे केव्हातरी रब्बी, म्हणजे ज्यू धर्मपंडित, तास-दीड तास शिकवतात. उरलेला सगळा वेळ जोडीचा. माझा हव्रुता मोरोक्कोहून आलेल्या घरातला, माझ्यापेक्षा चार वर्षांनी लहान. पहिल्या आठवड्यात मी रात्री जागून राशीची टीका पाठ केली. (राशी म्हणजे फ्रान्समधल्या त्र्वा गावचे टीकाकार, १०४० ते ११०५. त्यांच्या मदतीशिवाय तालमूदचं पान उघडायचं धाडस कोणी करत नाही.) सकाळी मी ती त्याला धडाधड म्हणून दाखवली. त्याने शांतपणे ऐकलं आणि विचारलं, ‘‘छान. पण राशीला इथे खटकलं काय? काही खटकल्याशिवाय तो लिहीत नाही.’’ माझ्याकडे उत्तर नव्हतं. असं चार दिवस झालं. पाचव्या दिवशी मी पुस्तक मिटलं आणि तावातावाने बाहेर निघून गेलो. रात्री जेवणाच्या टेबलावर तो माझ्यासमोर येऊन बसला. काखेत तेच पुस्तक, मधे बोट घालून पान धरून ठेवलेलं.

आता ते पान कसं दिसतं ते सांगतो, म्हणजे बाकीचं कळेल. मधोमध ठळक चौकोनी अक्षरांत मूळ मजकूर. त्यात आधी मिश्ना, म्हणजे रब्बी यहूदा हनासी यांनी इसवी सन २०० च्या सुमारास हिब्रूत संकलित केलेले नियम. त्याखाली गेमारा, म्हणजे त्या नियमांवर पुढची जवळजवळ तीनशे वर्षं बाबिलोनियातल्या (आजच्या इराकमधल्या) विद्यापीठांत झालेली चर्चा, मुख्यतः अरामी भाषेत. शिवणीकडच्या बाजूला बारीक अक्षरांत राशी. बाहेरच्या बाजूला तोसाफोत, यात राशींच्या नातवांनी आणि त्यांच्या शिष्यपरंपरेने राशींच्याच चुका दाखवल्या आहेत. नातवंडं आजोबांना खोडून काढतात आणि दोघंही एकाच पानावर छापले जातात! विरामचिन्हं नाहीत. प्रश्न कुठे संपला आणि उत्तर कुठे सुरू झालं, हे वाचणाऱ्याने ठरवायचं. प्रत्येक भाग दुसऱ्या पानापासून सुरू होतो, पहिलं पान नसतंच. मधला मजकूर आणि दोन्ही बाजूंच्या टीका ही मांडणी व्हेनिसला १५२० च्या दशकात छापलेल्या प्रतीपासून रूढ झाली. आज सर्रास वापरतात ती विल्नाची, १८८० च्या दशकातली.

तुम्ही कायद्याचे विद्यार्थी आहात, म्हणून आम्ही नवख्यांनी जिथून सुरुवात केली तेच प्रकरण घेतो. विषय आहे सापडलेल्या वस्तू. मिश्ना म्हणते, विखुरलेली नाणी सापडली तर ती सापडणाऱ्याची. पण नाणी थैलीत असतील, किंवा तीन नाणी एकावर एक रचलेली असतील, तर दवंडी द्यायची, मालक शोधायचा. का? थैलीला खूण सांगता येते, रचून ठेवलेल्या नाण्यांनाही सांगता येते. विखुरलेल्या नाण्यांना खूण नाही, म्हणून मालकाने त्यांची आशा सोडलेली असते, आणि आशा सोडली की त्याचा हक्क सुटतो.

इथे गेमारा अडते. पैसे पडलेत हे मालकाला अजून कळलंच नसेल तर? त्यावर रब्बी इसहाक म्हणतात, माणूस सतत आपली थैली चाचपून बघत असतो. हे वाक्य वाचलं आणि मी थेट सीताबर्डीत पोचलो. शनिवारच्या संध्याकाळी मेन रोडच्या गर्दीत बघा, दर दहा पावलांवर माणसाचा हात खिशाकडे जातो. दीड हजार वर्षांहून जुन्या त्या पंडितांनी बाजारातल्या माणसाचा हात इतका बारकाईने पाहिला होता, आणि त्यावरून कायदा ठरत होता.

पण वाद तिथे मिटत नाही. ज्या वस्तूचं हरवणं मालकाला ठाऊकच नाही, पण ठाऊक झालं असतं तर त्याने आशा सोडलीच असती, तिचं काय? चौथ्या शतकातले दोन आचार्य इथे समोरासमोर येतात. रावा म्हणतात, आशा सुटल्यातच जमा. अबाये म्हणतात, न कळता आशा सुटत नाही. मग ‘ता श्मा’, म्हणजे ‘ये, ऐक’, असं म्हणत एकामागून एक दाखले येतात. पडलेली फळं, पुरात वाहून गेलेली लाकडं, एकेक दाखला तपासून कधी स्वीकारायचा, कधी मोडायचा. आम्ही दोघं त्यावर नऊ दिवस होतो. मी रावाची बाजू धरली होती, हव्रुताने अबायेची. शेवटी निर्णय अबायेच्या बाजूने लागतो, आणि तो वाचला तेव्हा घरातलंच कोणी खटला हरल्यासारखं मला वाईट वाटलं. मराठीत ‘शब्दाचा कीस काढणे’ हे नावं ठेवायला वापरतात. त्या नऊ दिवसांत मला त्याची गोडी लागली.

सोबती इतका महत्त्वाचा का, याचं उत्तर तालमूदमध्येच एका गोष्टीत आहे. रब्बी योहानान यांचा हव्रुता रेश लाकीश वारला. योहानान दुःखाने खचले. त्यांना बरं वाटावं म्हणून दुसऱ्या एका हुशार विद्वानाला त्यांच्याजवळ बसवलं. योहानान काही बोलले की तो म्हणायचा, तुमच्या म्हणण्याला आधार देणारं एक वचन आहे. योहानान म्हणाले, माझं बरोबर आहे हे मला ठाऊक नाही का? रेश लाकीश माझ्या प्रत्येक विधानावर चोवीस हरकती घ्यायचा, मी चोवीस उत्तरं द्यायचो, आणि त्यातून विषय उलगडत जायचा. ही गोष्ट मी कितीदा वाचली असेल, अजूनही शेवटाशी गळा दाटतो.

आता तुमचा शेवटचा प्रश्न. ज्यू नसलेल्याने तोरा, म्हणजे ज्यूंचं धर्मशास्त्र, शिकावी का, यावरही तालमूदमध्ये वाद आहे. रब्बी योहानान यांचंच एक कडक वचन नको म्हणतं. तिथेच रब्बी मेइर यांचं वचन आहे की तोराच्या अभ्यासाला लागलेला परधर्मीय महायाजकाच्या, म्हणजे मंदिराच्या मुख्य पुजाऱ्याच्या, तोडीचा. गेमारा दोन्हींचा मेळ घालते : सगळ्या मानवजातीसाठी सांगितलेल्या सात आज्ञांचा अभ्यास त्याने करावा. व्यवहारात सांगायचं तर पारंपरिक येशिवा ज्यू विद्यार्थ्यांसाठीच असतात. पण १९२५ साली सुरू झालेल्या जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठात तालमूद कोणालाही शिकता येतो. आणि सेफारिया या संकेतस्थळावर संपूर्ण बाबिली तालमूद इंग्रजी भाषांतरासह फुकट आहे. मोबाइलवर उघडतो.

फक्त एकट्याने उघडू नका. मी परत आल्यावर हीच चूक केली. सहा महिने रोज पहाटे एकटा बसलो आणि हळूहळू माझ्याच मताला मान डोलवायला लागलो. मग रामदासपेठेतल्या एका निवृत्त संस्कृत शिक्षिका भेटल्या. न्यायदर्शन शिकवलेल्या. त्या ज्यू नाहीत. मी पान वाचून मराठीत सांगतो, त्या पूर्वपक्ष उभा करतात. दर गुरुवारी संध्याकाळी, त्यांच्या गॅलरीत, गेली अकरा वर्षं.

प्रश्न : मुलींसाठी येशिवा असते का? माझ्या मुलीला धर्मांच्या तौलनिक अभ्यासात रस आहे. – एक आई, प्रतापनगर

उत्तर : ताई, शतकानुशतकं नव्हती. पोलंडमधल्या क्राकूव्ह शहरात सारा शेनिरेर या शिवणकाम करणाऱ्या बाईंनी १९१७ साली मुलींसाठी धर्मशिक्षणाची शाळा सुरू केली, आणि त्यातून ‘बेस याकोव्ह’ शाळांचं जाळं उभं राहिलं. तिथे तालमूद नव्हता. तो बायकांच्या हाती आला तो गेल्या पन्नासएक वर्षांत : जेरुसलेममध्ये १९७२ पासून ‘पार्देस’, तिथे स्त्री-पुरुष एकत्र शिकतात, न्यूयॉर्कमध्ये १९७९ पासून ‘द्रिशा’, जेरुसलेममध्येच १९८८ पासून ‘मतान’. कडव्या पंथांत आजही मुलींना गेमारा शिकवत नाहीत, आणि मला ते मनापासून चुकीचं वाटतं. माझी स्वतःची हव्रुता बाई आहे. तिच्या हरकती गेल्या तर माझ्या अभ्यासाचं काय उरेल? मुलीला आधी हिब्रू लिपी शिकायला सांगा. बावीस अक्षरं आहेत. दिवाळीच्या सुट्टीत होतील.

प्रश्न : आम्ही मूळचे पनवेलचे बेने इस्राएल, आता नागपुरात. आपल्या लोकांनी महाराष्ट्रात कधी येशिवा काढली नाही, मग आपण ज्ञानात कमीच राहिलो का? मुलगा असं बोलून दाखवतो. – एक वाचक, सदर

उत्तर : मुलाचा प्रश्न मलाही त्या वयात बोचायचा. जेरुसलेमला मला कोणीतरी विचारलं होतं, तुमच्याकडचे मोठे रब्बी कोण? मी गप्प बसलो. आज मी गप्प बसणार नाही.

आपले पूर्वज कोकण किनाऱ्यावर, नवगावच्या आसपास स्थिरावले. तेलघाणे चालवायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून लोक त्यांना शनिवार तेली म्हणत. ग्रंथ नव्हते, गुरू नव्हते, तरी शनिवार सोडला नाही. पुढे कोचीनचे ज्यू शिक्षक आले, १७९६ साली मुंबईत शाआर हारहामीम हे पहिलं सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनामंदिर, उभं राहिलं. पेसाह, म्हणजे इजिप्तच्या गुलामीतून सुटकेचा सण, त्या रात्री वाचायची पोथी म्हणजे हगादा. ती मराठी भाषांतरासह १८४६ साली मुंबईत छापली गेली. १८७४ ची पुण्याची हगादा सचित्र आहे, आणि तिच्यात बिनखमिराच्या भाकरी करणाऱ्या बायका आपल्याकडच्या पोशाखात आहेत. जोसेफ इझिकेल राजपूरकर (१८३४–१९०५) यांनी प्रार्थनाग्रंथ मराठीत आणले. आपल्या लोकांनी बायबलमधल्या कथांवर मराठीत कीर्तनंसुद्धा केली. आपल्या सणांना खिरीचा सण आणि दारफाळणी अशी नावं ज्यांनी ठेवली, त्यांनी धर्म आपल्या भाषेत आणून घरात वसवला होता. येशिवा नव्हती हे खरं, आणि तिची उणीव मला जाणवतेच. पण उणीव आणि कमीपणा या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. मुलाला हे नुसतं सांगू नका, त्याच्यासोबत वाचायला बसा. बाप-लेकाची जोडी अभ्यासात एकमेकांवर तुटून पडते आणि उठताना प्रेमाने उठते, असं तालमूदच सांगतो.

तिन्ही वाचकांसाठी एक काम देतो. त्याच मिश्नेत पुढे आहे : बाजारातल्या भटारखान्याची भाकरी रस्त्यात सापडली तर ती सापडणाऱ्याची, घरी केलेली सापडली तर दवंडी द्यायची. आता धरा, वर्धा रोडवरच्या बसस्टॉपवर तुम्हाला दोन वस्तू सापडल्या. एक, दुकानातला संत्रा बर्फीचा बंद पुडा. दोन, स्टीलच्या डब्यात घरचे लाडू, झाकणावर नाव कोरलेलं नाही. कोणती ठेवता येईल, कोणती नाही आणि का? आणि पुड्यावर दुकानाने पेनाने किंमत लिहिलेली असेल तर? कोणालातरी समोर बसवा, दोघांनी दोन बाजू घ्या, मग मला लिहा. ज्याची बाजू पडली त्याचंही म्हणणं पत्रात आलं पाहिजे.