प्रबंधाच्या आराखड्याबद्दल

प्रिय,

बौद्धिक अक्षमता असलेल्या प्रौढांवरच्या तुझ्या प्रबंधाचा आराखडा वाचला. विषय आवडला, वाचनही भरपूर केलेलं दिसतंय. तरी तो आहे तसा समितीकडे पाठवू नकोस. अडचण मांडणीत आहे. दुसरं प्रकरण आरोग्य, तिसरं शिक्षण, चौथं सामाजिक आधारसेवा, आणि पाचव्यात 'समन्वयाची गरज' म्हणून चार पानं. ही वाटणी खात्यांची आहे. बौद्धिक अक्षमता असलेल्या माणसाचं आयुष्य असं खातेनिहाय चालत नाही, आणि तुला जे शोधायचंय ते या प्रकरणांच्या मधे पडलेलं आहे. ज्याची तू चार पानांत बोळवण केलीस, तोच खरा विषय.

समज, तिशीतला एक माणूस आहे. बोलणं मोजक्या शब्दांचं. दिवसभर ज्या केंद्रात असतो तिथे तो हल्ली डोकं आपटायला लागलाय, जेवणाचं ताट ढकलून देतो. केंद्रातल्या ताई वहीत 'वर्तनसमस्या' असं लिहितात. डॉक्टरांपर्यंत हा शब्द पोचतो, दुखणं पोचत नाही. मग शांत करणारं औषध सुरू होतं. प्रत्यक्षात दाढ किडलेली असते, किंवा कित्येक दिवस पोट साफ झालेलं नसतं, किंवा जठरातलं आम्ल वर येत असतं. दुखलं की हा कान चोळतो, हे त्याच्या शाळेतल्या बाईंना पक्कं ठाऊक होतं. पण ते शाळेच्या फायलीत राहिलं, आणि त्याची शाळा संपून बारा वर्षं झाली. आता सांग, ही चूक तू कुठल्या प्रकरणात घालणार?

या गफलतीवर जुनं काम आहे. १९८२ मध्ये स्टीव्हन रीस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मानसशास्त्रज्ञांना रुग्णांची वर्णनं वाचायला दिली. त्रास तोच, लक्षणं तीच. पण या माणसाला बौद्धिक अक्षमता आहे असं सांगितलं की त्याच त्रासाला आजार म्हणण्याचं प्रमाण घटत होतं. 'तो असाच आहे' म्हटलं की पुढचं बघायची गरजच उरत नाही. हे वाक्य तुला मुलाखतींत इतक्या वेळा ऐकू येईल की ते कोण कोण म्हणतं याचीच वेगळी नोंद ठेव. डॉक्टर म्हणतात, शिक्षक म्हणतात, आणि थकलेले आईवडीलही म्हणतात.

औषधांचा मुद्दा तू आरोग्याच्या प्रकरणात दोन ओळींत उरकलायस. मी त्यावर पानं खर्च केली असती. २००८ मध्ये पीटर टायरर यांच्या गटाने 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात एक चाचणी छापली. बौद्धिक अक्षमता आणि आक्रमक वागणूक असलेल्या, पण मनोविकृती (भास-भ्रम होणारा गंभीर मानसिक आजार) नसलेल्या ८६ जणांना रिस्पेरिडोन किंवा हॅलोपेरिडॉल ही मनोविकृतीवरची औषधं, किंवा नुसती औषध नसलेली गोळी दिली होती. चार आठवड्यांनी तिन्ही गटांत आक्रमकता उतरली, आणि सर्वांत जास्त उतरली ती बिनऔषधी गोळीच्या गटात: ७९ टक्के. दोन्ही औषधांच्या गटांची एकत्रित घट ५७ टक्के होती. मला यात गोळीपेक्षा दुसरीच गोष्ट महत्त्वाची वाटते. चाचणी चालू असताना कुणीतरी त्या माणसांकडे नियमितपणे लक्ष देत होतं. त्याने किती फरक पडला हे त्या चाचणीवरून सिद्ध होत नाही, पण प्रश्न म्हणून तो फार चांगला आहे.

मग 'बीएमजे' या वैद्यकीय नियतकालिकातला २०१५ चा ब्रिटिश अभ्यास बघ. फॅमिली डॉक्टरांच्या नोंदींतून बौद्धिक अक्षमता असलेले ३३,०१६ प्रौढ घेतले होते. त्यांतल्या ज्यांना मनोविकृतीवरची औषधं दिली गेली, त्यांच्यापैकी ७१ टक्के जणांच्या नोंदीत गंभीर मानसिक आजार लिहिलेलाच नव्हता. हा आकडा सगळे उद्धृत करतात, तूही करशील. फक्त 'नोंद नाही' म्हणजे 'आजार नाही' असं लिहू नकोस. ज्यांच्या आजाराचं निदानच होत नाही अशा लोकांबद्दल आपण बोलतोय, हे आत्ता दोन परिच्छेदांपूर्वीच म्हटलं. तुझे परीक्षक इथेच बोट ठेवतील. आणि औषध कशाची जागा भरून काढतंय, हे आरोग्याच्या नोंदींत कधीच सापडणार नाही. त्यासाठी केंद्रात कर्मचारी किती आहेत, स्पीच थेरपिस्ट शेवटचा कधी आला होता, घरी रात्री कोण जागतं, हे विचारावं लागेल.

खात्यांच्या भिंती ओलांडून काम कसं करावं याचा एक नमुना देते. ब्रिस्टल विद्यापीठाच्या गटाने इंग्लंडच्या नैर्ऋत्य भागातल्या बौद्धिक अक्षमता असलेल्या २४७ जणांच्या मृत्यूंची चौकशी केली आणि २०१३ मध्ये अहवाल दिला. सर्वसाधारण लोकसंख्येच्या तुलनेत मृत्यूचं मध्यक वय (निम्मे मृत्यू ज्या वयाच्या आत झाले ते) पुरुषांत १३ वर्षांनी आणि स्त्रियांत २० वर्षांनी कमी निघालं. आकडा धक्कादायक आहे, पण तू पद्धत शिकून घे. मृत्यूच्या दाखल्यावरचं कारण घेऊन ते थांबले नाहीत. एकेका माणसासाठी घरचे, सांभाळणारे, डॉक्टर, इस्पितळ, सामाजिक सेवा, सगळ्यांकडची माहिती एकत्र आणली आणि शेवटच्या काळात काय काय घडलं ते क्रमाने लावलं. तेव्हा दिसलं की निदानाला आणि उपचाराला उशीर झाला होता, आणि माणसाच्या गरजा बदलत असताना देखभाल तशीच राहिली होती. एकाच खात्याची फाईल वाचून हे दिसलं नसतं.

आता मोजणीकडे ये. 'बौद्धिक अक्षमता असलेले प्रौढ' कुठून मिळवणार, यावर तू फक्त 'नोंदणीकृत संस्थांकडून' असं लिहिलंस. म्हणजे जे संस्थेपर्यंत पोचलेच नाहीत ते गेले. आणि न पोचलेले फार असतात. इंग्लंडमध्ये फॅमिली डॉक्टरांच्या यादीत लोकसंख्येच्या साधारण अर्धा टक्का माणसं दिसतात, तर अभ्यासकांचा अंदाज दोन टक्क्यांच्या आसपास जातो. उरलेली बहुतेक सौम्य अक्षमतेची असतात. शाळेत असेपर्यंत ती शिक्षणखात्याच्या आकड्यांत होती, शाळा संपली आणि आकड्यांतून नाहीशी झाली. पश्चिम ऑस्ट्रेलियात याचा उलटा अनुभव आला. तिथे दिव्यांग सेवेच्या नोंदींना शिक्षणखात्याच्या नोंदी जोडल्या, तेव्हा १९८३ ते १९९२ या काळात जन्मलेल्या मुलांत दर हजारी १४.३ इतकं प्रमाण निघालं. दोन वह्या शेजारी ठेवल्याशिवाय हा आकडा हाती आला नसता.

याच्याशी जोडलेली, जरा कंटाळवाणी पण महागात पडणारी गोष्ट: तुझ्या संदर्भांत दोन वेगळे गट मिसळलेत. ब्रिटनमधल्या लेखांत 'लर्निंग डिसॅबिलिटी' म्हणजे बौद्धिक अक्षमता. अमेरिकेत १९६३ पासून, सॅम्युअल कर्क यांच्यानंतर, तोच शब्द वाचन-लेखन-गणितातल्या अडचणींसाठी रुळला, आणि आपण त्यालाच अध्ययन अक्षमता म्हणतो. तुझ्या यादीतले निदान तीन अमेरिकी लेख डिस्लेक्सियाचे आहेत. काढून टाक.

शिक्षणाच्या प्रकरणात तू विशेष शाळा बरी की सर्वसाधारण शाळा, या वादात शिरलीयस. त्यात तुझी दोन वर्षं जातील. दोन्हीकडे जाणारी मुलं मुळात वेगळी असतात, त्यांचे पालकही वेगळे असतात, त्यामुळे गुणांची तुलना करून फारसं काही हाती लागत नाही. त्यापेक्षा शाळा संपते ती वेळ पकड. अठरा-वीस वर्षांच्या आसपास बालरोगतज्ज्ञ सुटतात, शाळा सुटते, शाळेतली थेरपी सुटते, आणि हे सगळं एकदमच होतं. त्या मुलाबद्दल शाळेला जे ठाऊक होतं त्याचं पुढे काय होतं? कान चोळणं म्हणजे दुखणं, पाणी हवं असेल तर कुठली खूण, गर्दीत काय केलं की शांत होतो. ही माहिती पुढच्या डॉक्टरकडे, पुढच्या केंद्राकडे पोचते का, कुणामार्फत पोचते, कुठे गळते? माझं ऐकशील तर प्रबंध यावरच कर. पंधरा-वीस तरुण घे, शाळेच्या शेवटच्या वर्षापासून पुढे दोन वर्षं प्रत्येकाच्या मागे मागे जा. आरोग्य, शिक्षण, आधारसेवा तिन्ही आपोआप येतील.

दुसरा पर्याय आयुष्याच्या दुसऱ्या टोकाला आहे. डाउन सिंड्रोम असलेल्यांचं सरासरी आयुर्मान १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला सुमारे २५ वर्षं होतं, आता ते ६० च्या घरात आहे. त्यांच्याकडे २१ वं गुणसूत्र जादा असतं, आणि अल्झायमरशी संबंधित असलेलं एपीपी हे जनुक त्याच गुणसूत्रावर आहे. त्यामुळे स्मृतिभ्रंश त्यांना लवकर गाठतो. विसरायला लागलाय हे आधी कळतं ते सांभाळणाऱ्याला. डॉक्टर विचारतात, 'पूर्वी काय काय यायचं?' आणि तिशीतली नोंद कुणाकडेच नसते. थायरॉइड कमी झालं किंवा ऐकू येईनासं झालं तरी वरवर तसंच दिसतं, म्हणून ते आधी तपासावं लागतं. आयर्लंडमध्ये ट्रिनिटी कॉलेजने बौद्धिक अक्षमता असलेल्या, चाळिशीपुढच्या ७५३ जणांना घेऊन असा दीर्घ पाठपुरावा सुरू केला, त्याचे अहवाल मुळातून वाच. एवढा पसारा तुला एकटीला झेपणार नाही, म्हणून मी पहिल्या पर्यायाच्या बाजूने आहे.

आता ज्यावरून मी खरी कुरकुर करणार आहे ते. तुझी प्रश्नावली पालकांसाठी आहे, शिक्षकांसाठी आहे, डॉक्टरांसाठी आहे. ज्याच्याबद्दल सगळं चाललंय त्याला एकही प्रश्न नाही. दवाखान्यात किती वेळा नेलं हे पालक सांगतील आणि ते बरोबर असेल. तिथे त्याला भीती वाटली का, हे दुसऱ्याने सांगितलेलं उत्तर कच्चं धर.

विचारण्यात अडचणी आहेत, हे मान्य. कॅरल सिगलमन आणि सहकाऱ्यांनी १९८१ मध्येच दाखवलं होतं की हो-नाही स्वरूपाच्या प्रश्नांना 'हो' म्हणण्याकडे कल असतो. 'तू आनंदी असतोस का?' हो. 'तू दुःखी असतोस का?' तेही हो. समोरच्या मोठ्या माणसाला खूश ठेवण्याची आयुष्यभराची सवय असते ती. म्हणून दोन चित्रांतून एक निवडायला दे, थोड्या वेळाने चित्रांची जागा बदलून पुन्हा विचार. स्टर्लिंग विद्यापीठात तयार झालेलं 'टॉकिंग मॅट्स' हे चित्रं मांडून मत सांगण्याचं तंत्र शिकून घे. मुलाखत त्याच्या ओळखीच्या जागी घे आणि घाई करू नकोस. ज्यांना कुठल्याच मार्गाने विचारता येत नाही त्यांना मात्र अभ्यासातून वगळू नकोस. त्यांच्याजवळ बस, निरीक्षण कर, आणि ते निरीक्षण आहे असंच लिही.

संमतीचं प्रकरण तू नियमावलीतून उतरवून काढलंस, असं वाटलं. या क्षेत्राला संमतीचं ओझं का आहे हे आधी समजून घे. न्यूयॉर्कमधल्या विलोब्रूक या संस्थेत १९५६ पासून पुढे अनेक वर्षं बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांना मुद्दाम कावीळीच्या विषाणूची लागण करून अभ्यास केला गेला. पालकांची सही होती. मॅसॅच्युसेट्समधल्या फर्नाल्ड शाळेत १९४० आणि ५० च्या दशकांत मुलांना 'सायन्स क्लब'चं सदस्यत्व देऊन किरणोत्सर्गी अंश घातलेली ओटची लापशी खायला दिली. तेव्हा नुसत्या सहीवर समाधान मानू नकोस.

पण घाबरून उलट टोकालाही जाऊ नकोस. आज कितीतरी औषधचाचण्या बौद्धिक अक्षमता असलेल्यांना सरसकट बाहेर ठेवतात, आणि मग त्यांच्यासाठी कुठला उपचार चालतो याचा पुरावाच तयार होत नाही. इंग्लंडचा २००५ चा मानसिक क्षमतेबद्दलचा कायदा माणसाला निर्णय घेता येतो असं गृहीत धरून सुरुवात करतो, आणि क्षमता त्या त्या निर्णयापुरती तपासायला सांगतो. पैशांचा व्यवहार न जमणारा माणूस 'मला तुझ्याशी बोलायचं नाही' हे स्पष्ट सांगू शकतो. शब्दांनी नाही सांगितलं तर उठून जाईल, तोंड फिरवेल. तो नकार आहे. आईने सही केली असली तरी त्या दिवशी वही मिटायची.

तुला एक-दोन सहसंशोधक बौद्धिक अक्षमता असलेलेच मिळाले तर फार बरं. प्रश्न ठरवताना घे, निष्कर्ष वाचताना घे. मानधनाची तरतूद अंदाजपत्रकात आत्ताच कर. नुसतं आभारप्रदर्शनात नाव घालण्यासाठी बोलवायचं असेल तर बोलवू नकोस.

केंद्रचालकांची परवानगी, शाळेची परवानगी, इस्पितळाच्या नीतिसमितीची परवानगी, हे तीन वेगळे अर्ज आहेत आणि प्रत्येकजण दुसऱ्याची परवानगी आधी मागेल. त्याला सहा महिने धर.

प्रकरणांची नवी मांडणी इतक्यात पाठवू नकोस. आधी चित्रं असलेलं, सोप्या वाक्यांचं संमतीपत्रक कर, आणि ते ज्यांच्यासाठी आहे अशा दोन-तीन जणांना दाखव. त्यांना कुठे अडलं ते समासात लिहून मला पाठव. ते आलं की बोलू.

तुझी मार्गदर्शक