वाचकांचे प्रश्न : सहा वर्षांच्या मुलीने नेमके काय केले?

प्रश्न : मी मुंबईतील एका माध्यमिक शाळेत इतिहास शिकवते. आठवीच्या वर्गात अमेरिकेतील रुबी ब्रिजेस या मुलीची हकीकत सांगितल्यावर एका विद्यार्थ्याने विचारले, "निकाल न्यायालयाने दिला, बंदोबस्त सरकारने ठेवला, शाळेत पाठवायचे आईवडिलांनी ठरवले, मग त्या मुलीने केले काय?" त्याला काय उत्तर द्यावे? आपल्याकडे असे एखादे उदाहरण आहे का?
— एक शिक्षिका, परळ

उत्तर : आपल्या विद्यार्थ्याचा प्रश्न रास्त आहे आणि त्याने मांडलेले तिन्ही मुद्दे खरे आहेत. सरकारी शाळांत वर्णावरून मुले वेगळी ठेवणे घटनाबाह्य असल्याचा निकाल अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १७ मे १९५४ रोजी दिला, तेव्हा रुबीचा जन्मही झालेला नव्हता. ती त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये जन्मली. ती पहिलीत जाण्याच्या वयाची होईपर्यंत न्यू ऑर्लिन्स शहरात या निकालाची अंमलबजावणी झाली नाही. अखेर न्यायाधीश स्केली राइट यांच्या आदेशानुसार १४ नोव्हेंबर १९६० रोजी चार कृष्णवर्णीय मुली गोऱ्या मुलांच्या दोन शाळांत दाखल झाल्या. लिओना टेट, गेल एटिएन आणि टेसी प्रेव्होस्ट या तिघी एका शाळेत गेल्या (त्यांची नावे सहसा घेतली जात नाहीत, ती वर्गात अवश्य सांगावीत) आणि विल्यम फ्रांट्झ प्राथमिक शाळेत रुबी एकटी गेली.

सहा वर्षे रखडलेला तो निकाल अमलात यायचा, तर कोणा तरी मुलाने त्या दारातून आत जाणे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा जाणे आवश्यक होते. हे काम न्यायाधीशांना, तिच्या बंदोबस्तासाठी असलेल्या मार्शलना (केंद्र सरकारच्या सुरक्षा अधिकाऱ्यांना) किंवा प्रत्यक्ष आईलाही तिच्या वतीने करता येण्यासारखे नव्हते. आपल्या विद्यार्थ्याला माझे उत्तर एवढेच आहे. मात्र ते त्याला पटण्यासाठी त्या वर्षाचा तपशील सांगावा लागेल.

पहिला संपूर्ण दिवस रुबी आईसह मुख्याध्यापकांच्या कार्यालयात बसून होती, कारण गोरे पालक येऊन आपापली मुले घरी नेत होते आणि त्या गोंधळात शिकवणे अशक्यच होते. बाहेरच्या जमावातील एका बाईने लहानशा शवपेटीत काळी बाहुली ठेवून आणली होती. दुसरी एक बाई विष घालण्याची धमकी देत असे, म्हणून रुबीने घरून आणलेलेच खावे, अशी मार्शलची सूचना होती. तिला शिकवण्यास बोस्टनहून आलेल्या बार्बरा हेन्री तयार झाल्या, आणि वर्षभर त्या वर्गात एक शिक्षिका आणि एक विद्यार्थिनी एवढेच असत. इकडे वडिलांची नोकरी गेली, नेहमीच्या वाण्याने सामान देणे बंद केले आणि मिसिसिपीत वाट्याने शेती करणाऱ्या आजीआजोबांना त्या जमिनीवरून काढण्यात आले. या साऱ्याचा अर्थ कळण्याचे तिचे वय नव्हते, हे खरे. परंतु शाळेत जाणे मात्र तिने सोडले नाही.

स्वतः निर्णय घेणाऱ्या मुलीचे उदाहरण हवे असेल, तर बार्बरा जॉन्स हिचे सांगावे. व्हर्जिनियातील फार्मव्हिल गावची मोटन शाळा सुमारे १८० मुलांसाठी बांधलेली होती आणि तिथे ४५० हून अधिक मुले शिकत होती. जास्तीचे वर्ग डांबरी कागद ठोकलेल्या खोपटांत भरत. २३ एप्रिल १९५१ रोजी सोळा वर्षांच्या बार्बराने मुख्याध्यापकांना खोट्या निरोपाने बाहेर पाठवण्याची व्यवस्था केली, सर्वांना सभागृहात जमवले आणि संप पुकारला. मुलांची मागणी चांगल्या इमारतीची होती. वकिलांनी मात्र अट घातली, की वेगळ्या शाळाच रद्द करण्याची मागणी असेल तरच आम्ही खटला चालवू. आणि ती मान्य झाली. १९५४ च्या निकालात जे पाच खटले एकत्र केलेले होते, त्यांपैकी हा एक.

आपल्याकडील उदाहरणाचा निर्णय मुंबईतच झाला, परंतु तो उलट झाला. जून १८५६ मध्ये धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाने प्रवेश मागितला. धारवाड तेव्हा मुंबई इलाख्यात होते, म्हणून त्याचा अर्ज मुंबई सरकारपुढे आला. न्याय त्याच्या बाजूने आहे हे सरकारने नाकारले नाही. तरीही एका मुलासाठी इतर सर्वांच्या दृष्टीने शाळा निरुपयोगी होण्याचा धोका पत्करणे योग्य नाही, असे सांगून त्याला प्रवेश नाकारला. माझ्या मते या मुलाचे धाडस रुबीपेक्षा तसूभरही कमी नव्हते. त्याच्या पाठीशी उभे राहणारे न्यायालय आणि सरकार मात्र नव्हते. सरकारी शाळा सर्वांना खुल्या असल्याचे धोरण पुढे जाहीर झाले, तरी साताऱ्यातील शाळेत भीमराव आंबेडकरांना वेगळ्या गोणपाटावर बसावे लागे, ते गोणपाट रोज संध्याकाळी घरी नेऊन सकाळी परत आणावे लागे आणि शिपाई नसेल त्या दिवशी तहानलेलेच राहावे लागे. या उदाहरणावरून, दार उघडे असणे आणि आत बरोबरीची जागा मिळणे यांतील फरक आपल्या विद्यार्थ्यांना सहज कळेल.

आठवीच्या वर्गासाठी मी रुबीपेक्षा फार्मव्हिलची हकीकत निवडेन. त्या खटल्यात ज्या मुलीचे नाव वादी म्हणून प्रथम होते, ती डोरोथी डेव्हिस चौदा वर्षांची, म्हणजे जवळजवळ आपल्या विद्यार्थ्यांच्याच वयाची होती. मात्र ही हकीकत १९५४ पाशी थांबवू नये. एकत्र शाळा चालवाव्या लागू नयेत म्हणून फार्मव्हिलच्या काउंटीने (म्हणजे जिल्ह्याने) १९५९ मध्ये आपल्या सर्व सरकारी शाळा बंद केल्या. गोऱ्या मुलांसाठी खासगी शाळा निघाली, कृष्णवर्णीय मुलांपैकी अनेकांचे शिक्षण थांबले, आणि सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा आदेश दिल्यावर १९६४ मध्ये त्या शाळा उघडल्या.