बिडाचे पाइप बदलू की रंगवू?

प्रश्न : दादरच्या आमच्या जुन्या इमारतीचे बाहेरचे बिडाचे, म्हणजे कास्ट आयर्नचे, पाइप गंजलेत. रंगारी म्हणतो, काढून पीव्हीसी टाका. काय करावं?

उत्तर : ताई, घाई करू नका. गिरगावातल्या आमच्या चाळीचे पाइप मी स्वतः खरवडलेत. भयंकर दिसणारा गंज बहुतेकदा पापुद्र्यापुरताच निघाला. लाकडी मुठीने हलकेच ठोकून बघा. खणखणीत आवाज आला तर पाइप शाबूत, बद्द आला तर चीर शोधा. हातोडा नकोच, बीड ठिसूळ असतं.

जुन्या रंगात शिसं असू शकतं. तेव्हा कोरडं घासू नका. वॉटर पेपरने ओलं घासा, मास्क लावा, मुलांना लांब ठेवा. खाऱ्या हवेचं मीठ गोड्या पाण्याने धुवा. पाइप पूर्ण वाळला की त्याच दिवशी रेड ऑक्साइडचा, म्हणजे गंजरोधक प्रायमरचा, हात द्या, नंतर ऑइल पेंटचे दोन. भिंतीकडची बाजू सगळे विसरतात आणि पाइप नेमका तिथूनच सडतो! तिथे छोटा ब्रश आणि आरसा घेऊन काम करवून घ्या. पाइपांचे सांधे बंद करायला भरलेलं शिसं मात्र उकरू देऊ नका. काम दिवाळीनंतर काढा, आणि परांची बांधल्याशिवाय कुणाला वर चढवू नका.